पायऱ्या हव्यात, कुलूप नको

१२ मार्च २०१५ रोजी गुवाहाटीच्या इंदिरा गांधी अ‍ॅथलेटिक स्टेडियमवर भारताने नेपाळला २-० असं हरवलं. दोन्ही गोल सुनील छेत्रीचे. पाच दिवसांनी काठमांडूत परतीचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि भारत पुढच्या फेरीत गेला. त्या दिवसांत क्रिकेटचा विश्वचषक ऐन रंगात होता. आपल्याकडे या दोन सामन्यांची फारशी चर्चा झाली नाही आणि ते कशासाठी खेळले गेले, हेही फारसं कुणी विचारलं नाही.

ती २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठीच्या आशियाई पात्रतेची पहिली फेरी होती, आणि ती आशियातल्या क्रमवारीत तळाला असलेल्या बारा संघांपुरतीच होती. भारत, नेपाळ, भूतान, श्रीलंका, पाकिस्तान, येमेन, कंबोडिया, मकाव, पूर्व तिमोर, मंगोलिया, तैवान आणि ब्रुनेई. बाकीच्या संघांना या फेरीत उतरावंच लागलं नाही. पात्रता स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळवण्यासाठी या बारांना आधी एकमेकांशी झुंजायचं होतं. दोन सामने खेळायचे. जो हरेल त्याचा चार वर्षांपुरता विश्वचषकाशी संबंध संपला.

ही झाली पूर्वपात्रता. युरोपातही अशी चाळणी लावावी, ही मागणी वर्षानुवर्षं होते आहे. सॅन मारिनो किंवा जिब्राल्टर दहा-बारा गोलांनी हरला की ती नव्याने वर येते. टीव्हीवर असा निकाल पाहिलेल्या मराठी रसिकालाही ती पटते. मात्र आपला देश याच चाळणीतून गेला आहे, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. छोट्या संघांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्यासाठी लांबचा नाही. तो आपलाच आहे.

मोठ्यांचं म्हणणं

पूर्वपात्रतेची मागणी करणारे सगळेच उद्दाम असतात, असं मुळीच नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

११ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीने सॅन मारिनोला त्यांच्याच घरी, सेराव्हाले इथे, ८-० ने धूळ चारली. सर्ज नाब्रीने पदार्पणातच तीन गोल केले. सामन्यानंतर थॉमस म्युलर म्हणाला, की आधीच भरगच्च असलेल्या वेळापत्रकात अशा सामन्यांना काय अर्थ आहे ते कळत नाही. व्यावसायिक फुटबॉलशी याचा काही संबंध नाही. सॅन मारिनोचे प्रवक्ते अॅलन गास्पेरोनी यांनी त्याला खुलं पत्र लिहून उत्तर दिलं. फुटबॉल तुमच्या एकट्याचा नाही, त्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचा आहे, हा त्या पत्राचा गाभा. पत्र जगभर गाजलं, सहानुभूती सॅन मारिनोकडे गेली. पण म्युलरचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. क्लब, देश, लीग, चषक अशा चरकातून जाणाऱ्या खेळाडूच्या शरीराला मर्यादा असतात. शिवाय ६१ चौरस किलोमीटरच्या आणि ३४ हजारांच्या आसपास वस्तीच्या देशातले, दिवसा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सरावाला येणारे खेळाडू आणि विश्वविजेते यांच्यातला सामना बरोबरीचा होत नाही, हेही उघड आहे.

गुणतक्त्याचीही अडचण होते. तळाच्या संघाविरुद्ध कुणी दोन गोल करतो, कुणी दहा, आणि गोलफरकाचं गणित विस्कटतं. युरोपीय महासंघाला हे ठाऊक होतं. २०१८ च्या पात्रतेत गटांमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना, गटातल्या सहाव्या संघाविरुद्धचे निकाल हिशेबातून वगळलेले होते. म्हणजे ते सामने खेळवायचे आणि नंतर झालेच नाहीत असं धरायचं. मग खेळवावेतच कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे.

सगळ्यात क्रूर उदाहरण ओशनियातलं. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरला यजमानांनी अमेरिकन सामोआला ३१-० असं हरवलं. एकट्या आर्ची थॉम्पसनने तेरा गोल केले. पासपोर्टच्या अडचणीमुळे अमेरिकन सामोआच्या मूळ संघातला गोलरक्षक निकी सालापू सोडून जवळजवळ कुणालाच खेळता आलं नव्हतं. बदली आलेल्यांत पंधरा वर्षांची मुलंही होती. त्यातून त्या मुलांना काही मिळालं नाही आणि ऑस्ट्रेलियालाही नाही. दोनच दिवस आधी त्यांनी टोंगाला २२-० ने हरवलं होतं. त्याच वर्षी विश्वचषकाच्या निर्णायक लढतीत उरुग्वेची गाठ पडल्यावर मात्र माँटेव्हिडिओत ०-३ हार पत्करून ऑस्ट्रेलिया बाहेर पडला. सोप्या विजयांनी त्यांची काहीच तयारी करून घेतली नव्हती.

लँडस्क्रोनाची संध्याकाळ

आता दुसरी बाजू. १२ सप्टेंबर १९९०. फॅरो बेटं हा उत्तर अटलांटिकमधला, तेव्हा पन्नास हजारांच्या घरातल्या वस्तीचा द्वीपसमूह. त्यांचा हा पहिलाच अधिकृत स्पर्धात्मक सामना, तोही नुकताच इटलीत विश्वचषक खेळून आलेल्या ऑस्ट्रियाशी. बेटांवर तेव्हा नियमात बसेल असं गवताचं मैदानच नव्हतं, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमधल्या लँडस्क्रोनाला ठेवावा लागला. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन पांढरी विणलेली गोंड्याची टोपी घालून उभा होता. दुसऱ्या सत्रात टॉर्किल निल्सनने गोल केला. हा निल्सन फॅरो बेटांचा बुद्धिबळातलाही विजेता. निकाल १-०. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांना पद सोडावं लागलं.

तेव्हा युरोपात पूर्वपात्रता असती, तर फॅरो बेटांची पहिली गाठ माल्टासारख्या संघाशी पडली असती. कदाचित ते हरले असते आणि पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या वाट्याला महत्त्वाचा सामनाच आला नसता. तसं झालं नाही. ते खेळत राहिले, हरत राहिले, मैदानं बांधत राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी ग्रीसला ग्रीसमध्ये हरवलं, सात महिन्यांनी तोर्शहाव्हनला पुन्हा हरवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तुर्कस्तानला नमवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकाच्या पात्रतेत चेक प्रजासत्ताकाला २-१ ने हरवलं आणि चेक प्रशिक्षकांचं पद गेलं. लँडस्क्रोनाला योगायोग म्हणता येईल. पस्तीस वर्षांच्या या चढणीला म्हणता येणार नाही. ती सामने मिळाल्यामुळे घडली.

फुटबॉलचा संघ सरावाने तयार होतो हे अर्धंच खरं. उरलेला अर्धा भाग सामन्यांत घडतो. नव्वद मिनिटं चेंडू मिळत नसताना बचावफळीने एकमेकांतलं अंतर कसं राखायचं, पंचाऐंशीव्या मिनिटाला पाय जड झाल्यावर डोकं कसं थंड ठेवायचं, हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवता येत नाही. सामन्यांमागून पैसाही येतो. प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात, महासंघांच्या विकासनिधीतून मैदानं आणि प्रशिक्षक उभे राहतात, आणि आपल्या गावचा मुलगा हॅरी केनसमोर खेळतो आहे हे पाहून दहा पोरं दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात.

दोन सामने की दहा?

पूर्वपात्रता असावी की नसावी, असा सरळ प्रश्न घातला तर उत्तर सापडत नाही. त्याऐवजी विचारायला हवं: ती किती सामन्यांची आहे, आणि हरलेल्यांपुढे काय आहे? आफ्रिकेत याचा जवळजवळ प्रयोगच झाला आहे.

२०२२ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेने खालच्या २८ संघांची दोन सामन्यांची प्राथमिक फेरी ठेवली होती. हिंद महासागरातला कोमोरोस हा नऊ लाखांच्या आतल्या वस्तीचा देश. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याची गाठ टोगोशी पडली. घरी १-१, परक्या मैदानावर ०-२. कोमोरोसची विश्वचषक मोहीम तिथेच संपली. पुढच्या खेपेस, २०२६ साठी, आफ्रिकेने ती फेरीच काढून टाकली आणि सगळ्यांना सहा-सहांच्या गटांत घेतलं. आता कोमोरोसला दहा सामने मिळाले. त्यांनी राजधानी मोरोनीत घानाला १-० ने हरवलं आणि दहा सामन्यांत १५ गुण मिळवले. जुन्या पद्धतीत हा देश पुन्हा दोन सामन्यांत बाहेर गेला असता, तर घानाला हरवण्याची ताकद त्याच्यात आहे हे कुणाला कळलंही नसतं.

याच पात्रतेत केप व्हर्दे या सव्वापाच लाखांच्या द्वीपराष्ट्राने कॅमेरूनला मागे टाकून गट जिंकला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकात जागा मिळवली. महिनाभराने कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओने किंग्स्टनला जमैकाशी गोलशून्य बरोबरी करून तेच साधलं. क्युरासाओची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर. विश्वचषकासाठी पात्र ठरलेला लोकसंख्येने सर्वांत छोटा संघ तो हाच. त्याआधी हा मान २०१८ मध्ये आइसलँडचा होता. क्युरासाओचे बरेचसे खेळाडू नेदरलँड्समध्ये वाढलेले आहेत. पण त्या खेळाडूंना आजीआजोबांच्या बेटाचा गणवेश घालावासा वाटला, कारण त्या गणवेशात खेळायला खरे सामने होते.

आशियात मात्र दोन सामन्यांचं कुलूप अजून आहे, आणि २०२६ साठी ते आणखी मोठं झालं. २०१५ मध्ये बारा संघ चाळणीत होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस. दहा संघ दोन सामन्यांत विश्वचषकाच्या बाहेर गेले. आशियाई चषकाच्या पात्रतेतली पुढची संधी त्यांना सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली, जवळजवळ वर्षभराने. दरम्यानच्या काळात उरले मैत्रीपूर्ण सामने. ते मिळवणं गरीब संघटनांना परवडत नाही आणि मिळाले तरी क्रमवारीत त्यांचं वजन कमी. २०१८ पासूनच्या फिफा क्रमवारीत पात्रता सामन्याचा भारांक २५ आहे, तर आंतरराष्ट्रीय खिडकीत खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याचा फक्त १०. म्हणजे क्रमवारी खाली म्हणून चाळणीत, चाळणीत हरलात म्हणून जड भारांकाचे सामने नाहीत, आणि ते नाहीत म्हणून क्रमवारी खालीच. या चक्रातून संघाने स्वतःच्या बळावर बाहेर यावं, अशी अपेक्षा अन्यायाची आहे.

छोटं कोण?

‘छोटे देश’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर नकाशावरचा ठिपका येतो. फुटबॉलचा नकाशा निराळा आहे. पाकिस्तान चोवीस कोटींचा देश; त्याने विश्वचषक पात्रतेतला पहिला विजय मिळवला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, इस्लामाबादला कंबोडियाविरुद्ध, आणि तोही प्राथमिक फेरीतच. आइसलँडची वस्ती गोव्याच्या जेमतेम पाव. त्याने २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला हरवलं आणि दोन वर्षांनी विश्वचषकात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखलं. बंदिस्त मैदानं आणि गावोगावी प्रशिक्षण-परवाना असलेले प्रशिक्षक हा त्यांच्या प्रगतीचा पाया होता.

आणि भारत? नेपाळची चाळणी पार करून आपण २०१५ मध्ये मुख्य पात्रतेत आलो. १६ जून २०१५ रोजी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर आपण १-२ असे हरलो. ग्वामची लोकसंख्या सुमारे १ लाख ६० हजार. पंधरा वर्षांपूर्वी याच ग्वामला इराणने १९-० ने झोडपलं होतं. तेव्हा त्याला कायमचं बाजूला ठेवलं असतं, तर ही प्रगती दिसलीच नसती. पाच संघांच्या त्या गटात ग्वाम चौथा आला, भारत शेवटचा.

पण शेवटचा आला म्हणून भारताला घरी बसवलं गेलं नाही, हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. आशियाई चषक २४ संघांचा झाला होता आणि गटांत तळाला राहिलेल्यांसाठीही एक वाट ठेवली होती. जून २०१६ मध्ये लाओसला दोन्ही सामन्यांत हरवून आपण त्या वाटेने पुढे गेलो, २०१९ च्या आशियाई चषकात पोहोचलो आणि अबू धाबीत थायलंडला ४-१ ने हरवलं. ग्वाम मात्र त्याच पात्रतेतून पैशांअभावी बाहेर पडला. दार उघडं असून चालत नाही, तिथवर जायचं भाडंही लागतं, हे त्या बेटाने दाखवून दिलं.

त्याआधीही भारताला वर नेलं ते अशाच एका वाटेने. २००६ ते २०१४ या काळात आशियाई महासंघ उदयोन्मुख देशांसाठी चॅलेंज कप भरवत असे, आणि २००८ पासून त्याच्या विजेत्याला थेट आशियाई चषकात प्रवेश मिळे. २००८ मध्ये ही स्पर्धा भारतात झाली. अफगाणिस्तानविरुद्ध गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सने अगदी शेवटी गोल करून सामना काढला. अंतिम सामन्यात दिल्लीला छेत्रीच्या तीन गोलांनी ताजिकिस्तान ४-१ ने हरला. त्या विजयामुळे भारत १९८४ नंतर प्रथमच, २०११ मध्ये, आशियाई चषक खेळला. तिथे तिन्ही सामने हरलो, तेही मोठ्या फरकाने. पण त्या पराभवांत तरुण छेत्रीने दक्षिण कोरिया आणि बहरीनविरुद्ध गोल केले. बरोबरीच्या संघांशी खेळून वर जाण्याची ती सोय होती. ती बंद करताना आशियाने तिच्या जागी तितकं मोलाचं काही दिलं नाही.

फडातली रीत

आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडात हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. दुपारी आधी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. मग चढत्या इनामाच्या, आणि शेवटी मानाची. दहा वर्षांच्या पोराची जोड कुणी हिंदकेसरीशी लावत नाही. पण त्याला दुसऱ्या गावीही धाडत नाहीत. माती तीच, हलगी तीच, बघणारं गाव तेच, आणि रेवडीची कुस्ती मारणाऱ्या पोराला पुढच्या वर्षी वरच्या जोडीत उतरायची मुभा.

युरोपने २०१८ पासून नेशन्स लीगच्या रूपाने साधारण हेच केलं. पंचावन्न देशांच्या चार विभागण्या, बढती आणि पदावनती, आणि खालच्या विभागातूनही मुख्य स्पर्धेत जाणारी एक वाट. पहिल्या खेपेला तळाच्या चौथ्या विभागातल्या गटविजेत्यांपैकी एकाला युरो स्पर्धेत जागा होती. ती उत्तर मॅसेडोनियाने मिळवली. त्याच संघाने पुढे, मार्च २०२१ मध्ये, जर्मनीला जर्मनीत हरवलं आणि वर्षभराने पालेर्मोत इटलीला नमवून त्यांना विश्वचषकाबाहेर ठेवलं. २०१८ मध्ये त्याच चौथ्या विभागात असलेल्या जॉर्जियाने २०२४ च्या युरोत पोर्तुगालला २-० ने हरवून बाद फेरी गाठली.

सॅन मारिनोचीही गोष्ट बदलली. २००४ मध्ये लिकटेनस्टाइनवर मिळवलेल्या मैत्रीपूर्ण विजयानंतर वीस वर्षं त्यांना एकही सामना जिंकता आला नव्हता. ५ सप्टेंबर २०२४ रोजी नेशन्स लीगमध्ये एकोणीस वर्षांच्या निको सेन्सोलीच्या गोलने पुन्हा लिकटेनस्टाइनच हरला. सॅन मारिनोचा हा पहिला स्पर्धात्मक विजय. नोव्हेंबरमध्ये व्हाडुझला ३-१ ने जिंकून त्यांनी गट जिंकला आणि वरच्या विभागात बढती मिळवली. वर्षभराने ऑस्ट्रियाने त्यांना १०-० ने हरवलं. शिडी लावली म्हणून उंची एका वर्षात वाढत नाही. पण आता त्या खेळाडूंच्या वर्षात असे सामने आहेत, ज्यांत उतरताना जिंकता येईल असं त्यांना मनापासून वाटतं.

अमेरिकन सामोआलाही असंच काहीसं मिळालं. ओशनियाने खालच्या चार संघांची छोटी साखळी ठेवली. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथे अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवून आपला पहिला अधिकृत विजय मिळवला. गोलमध्ये तोच निकी सालापू होता. म्हणजे पूर्वपात्रता असूनही न्याय होऊ शकतो, पण ती साखळीची हवी. एका वाईट दिवसाने तिथे सगळं संपता कामा नये.

राहिला खेळाडूंच्या थकव्याचा मुद्दा. २०२६ साठी युरोपने चार आणि पाच संघांचे बारा गट केले. सामने सहा किंवा आठ. कुणालाही बाहेर न ठेवता वेळापत्रक आटोपशीर करता येतं, हे तिथेच सिद्ध झालं.

बंद दाराची किंमत

दार बंद झालं की काय होतं, हे गोव्याला वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या फेररचनेत आय-लीगला दुय्यम स्थान आणि वर जाण्याचा मार्ग नाही, असा आराखडा पुढे आला. त्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. धेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. हरून खाली जाणं क्लबला सोसतं. जिंकूनही वर जाता येणार नाही हे कळल्यावर पैसा, पोरं आणि प्रेक्षक तिघंही पाठ फिरवतात.

क्रिकेटरसिकांनाही हे उमजेल. पन्नास षटकांचा विश्वचषक २०१९ मध्ये दहा संघांचा केला तेव्हा किती देशांची उमेद खचली, हे आपण पाहिलं. उलट २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक वीस संघांचा झाला, आणि मुंबईत घडलेल्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेसाठी डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला. वीस संघ नसते तर तो सामनाच झाला नसता.

म्हणून या वादात भारताने गप्प राहू नये. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीला आपण अफगाणिस्तानकडून १-२ असे हरलो. अफगाणिस्तान प्राथमिक फेरीतून मंगोलियाला हरवून आला होता; भारताला क्रमवारीमुळे त्या फेरीतून सूट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरने आपल्याला १-२ असं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली आशा संपली. घसरण अशीच राहिली, तर पुढच्या विश्वचषकाच्या चाळणीत आपण पुन्हा दिसू.

फिफाच्या २११ सदस्यांना प्रत्येकी एकच मत आहे, सॅन मारिनोला जितकं तितकंच भारताला आणि ब्राझीललाही. आशियाई महासंघातही आपल्याला आवाज आहे. तो तीन मागण्यांसाठी वापरावा. दोन सामन्यांची बाद फेरी मोडून तिथे तीन-चार संघांची छोटी साखळी आणावी. त्या साखळीत हरलेल्यांसाठी लगेच दुसरी स्पर्धा असावी आणि तिच्या विजेत्याला वर जायची हमी असावी, चॅलेंज कपला होती तशी. आणि ग्वामसारख्या संघांचा प्रवासखर्च महासंघाने उचलावा. यात दयेचा भाग कुठेच नाही. बलाढ्य संघांना उद्या तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवे असतील, तर ते आजच्या छोट्यांतूनच यायचे आहेत, आणि त्या छोट्यांत एक नाव आपलं आहे.